काकूचं वाळवण

माझी काकू सूड विसरत नाही, हे आमच्या बेटावर पोराटोरांनाही ठाऊक होतं. लहानपणी तिच्या कोंबडीला दगड मारणाऱ्या एका मुलाला तिने त्याच्या लग्नाच्या दिवशी, सगळ्या वऱ्हाडासमोर, कोंबडीची आठवण करून दिली होती. त्यामुळे आमच्या बाबांनी तिच्या पायाखालची जमीन विकली तेव्हा मला बाबांची काळजी वाटायला हवी होती. ती वाटली नाही. मी त्यांची मुलगी असून सांगते, त्यांना मिळालं ते कमीच मिळालं.

काका थोरले, बाबा धाकटे. दोघांची घरं शेजारी आणि समोर मासळी वाळवायचं मोठं मोकळं मैदान. आम्ही त्याला खळं म्हणायचो. खुंट्यांच्या रांगा, त्यांवर ताणलेल्या दोऱ्या, दोऱ्यांवर चिरून मीठ लावलेली मासळी. कुणाची रांग कुठून कुठवर हे सगळ्यांना तोंडपाठ होतं. ऊन कललं की मासळी उलटायची, आणि खळ्यावर जो हजर असेल त्याने सगळ्यांचीच उलटायची, अशी आमच्याकडची रीत. काकू पलीकडच्या शेजारणीशी कित्येक वर्षं बोलत नव्हती, पण तिची मासळी उलटायला ती एकदाही चुकली नाही. उलटता उलटता तिला शिव्या मात्र द्यायची.

पुढे कधीतरी सरकारचं म्हणणं आलं की जमीन कुणाच्या तरी नावावर पाहिजे. तेव्हा आमच्या लोकांनी जो घोळ घातला तो आमचेच लोक घालू जाणे. नोंदणीसाठी पलीकडच्या काठावर जायचं होतं, आणि नेमकी त्याच दिवशी मासळी लागली. मग कामाची माणसं समुद्रावर गेली, आणि ज्याचं होडीत काही अडत नव्हतं त्याला प्रत्येक घराने नोंदणीला पाठवून दिलं. अशा रीतीने घराघरातला सगळ्यात बिनकामाचा माणूस जमिनीचा मालक झाला. आमच्याकडून बाबा गेले, कारण बाबांना बोट लागते. पलीकडे पोचेपर्यंत ते दोनदा ओकले आणि संध्याकाळी खळ्यातल्या आमच्या वाट्याचे धनी होऊन परतले. काका खूप हसले. जमीन म्हणजे होडी ओढून ठेवायची जागा, तिला कोण विचारतो, असं त्या वेळी सगळ्यांनाच वाटायचं.

काका गेले, आणि त्यानंतर काही वर्षांनी काचवाला आला. त्याचं खरं नाव आम्ही कधी तोंडात घेतलं नाही. त्याने आधी टेकाडावरची घरं एकेक करून घेतली, मग त्याची नजर खळ्यावर गेली. बिनकामाच्या मालकांनी रांग लावून सह्या केल्या. बाबांनीही केली. काकूला हे कळलं ते सकाळी ओली मासळी घेऊन खळ्यावर गेल्यावर. तारेचं कुंपण घातलेलं होतं, आणि आदल्या दिवशीची तिची मासळी कुणीतरी टोपल्यांत भरून कुंपणाबाहेर ठेवलेली होती.

ती तशीच आमच्या घरी आली, हाताला मीठ लागलेलं. बाबा जेवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कागदावर माझंच नाव आहे, वहिनी," ते म्हणाले.

काकू आल्या पावली परत गेली. त्या दिवसापासून तिने त्यांच्याशी बोलणं टाकलं. मी माझं सामान उचललं आणि तिच्याकडे राहायला गेले. आई केव्हाच वारली होती, नाहीतर तिलाही घेऊन गेले असते.

खळ्यावर काचेचा बंगला उभा राहिला. होड्या लावायची जागा कुंपणात गेली, तसे होडीवालेही पलीकडे पोट भरायला गेले. काकूकडे उरलं तिचं घर आणि घरापुढचं चिंचोळं अंगण. काचवाल्याला तेही हवं होतं, कारण बंगल्याच्या दिवाणखान्यातून समुद्र दिसायचा त्यात मध्येच काकूचं छप्पर यायचं. त्याचा माणूस दर आठवड्याला येऊन भाव वाढवून सांगायचा. काकू त्याला पाणी द्यायची आणि वाटेला लावायची. हे अंगण गेलं तर बेटावर आपण पाहुणे, असं ती मला म्हणाली होती.

पण काचवाल्याने बंगला बांधताना वाऱ्याला विचारलं नव्हतं. समुद्रावरचा वारा आधी काकूच्या अंगणात येतो आणि तिथून थेट बंगल्याच्या व्हरांड्यात जातो. काकूने अंगणात दोऱ्या बांधल्या, छपरावर बांधल्या, खिडक्यांच्या गजांनाही बांधल्या. बेटावर मासळी मिळेना, तर फेरीबोटीने पलीकडच्या बाजारात जाऊन विकत आणायला लागली. समुद्राच्या मधोमध राहणारी बाई मासळी विकत आणते म्हणून बोटीवर लोक हसायचे. ती म्हणायची, नाक दाबलं की तोंड उघडतं.

आणि तिने आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. मासळी उलटायचं सोडलं. नीट उलटलेल्या मासळीच्या वासाने आमच्यासारख्यांना भूक लागते. न उलटलेली खालून नासते, आणि मग त्या वासाने आमच्याही डोळ्यांत पाणी येतं.

काचवाल्याचे पाहुणे यायचे आणि दुसऱ्याच बोटीने परत जायचे. मी धक्क्यावर तिकिटं देते, त्यामुळे जाताना त्यांचे चेहरे मला अगदी जवळून बघायला मिळायचे. शेवटी काचवाला स्वतः नाकाला रुमाल लावून अंगणाच्या कडेला येऊन उभा राहिला.

"बाई, तुम्हाला हवंय तरी काय?"

"काही नको," काकू म्हणाली. "तुम्ही आपले श्वास घ्या."

त्या हंगामानंतर तो आला नाही. बंगल्याला कुलूप लागलं आणि धक्क्यावर 'विकणे आहे' अशी पाटी लागली. त्या दिवशी काकू आणि मी दोघी पोट दुखेपर्यंत हसलो.

बाबांचा पैसा आला तसा गेला. कुणाच्या तरी नादाने पलीकडे दुकान घातलं, ते बुडालं, राहतं घरही त्यातच गेलं. काचवाल्याने त्यांना बंगल्याचा रखवालदार म्हणून ठेवलं. फाटकाशेजारी एक खोली मिळाली, तीही नेमकी आमच्या आजोबांच्या खुंट्या होत्या त्या जागेवर. काकूला हे मी सांगितलं तेव्हा तिने आणखी चार दोऱ्या बांधल्या. आता सगळा वास बाबांच्या वाट्याला. मी रोज संध्याकाळी त्यांचा डबा घेऊन जायचे, कारण लोक नावं ठेवतात. बोलायचे नाही.

एकदा डबा घेताना तेच बोलले. म्हणाले, "काकूला सांग, वासाचं मला काही वाटत नाही. उलट बरं वाटतं. डोळे मिटले की खळ्यावर बसल्यासारखं वाटतं. तेवढंच राहिलंय आता."

मी घरी येऊन काकूला जसंच्या तसं सांगितलं. ती विरघळेल की काय, अशी मला भीती वाटली.  ती उठली आणि अंगणातल्या, छपरावरच्या, खिडक्यांच्या सगळ्या दोऱ्या तिने एकेक करून सोडल्या. मासळी झाकणाच्या पिंपांत भरून मागच्या बाजूला नेली. अंगण साबणाने घासलं, वर चुना टाकला. मीही पाणी ओढून द्यायला लागले.

आता आमची अशी पद्धत आहे. बंगला बघायला कुणी गिऱ्हाईक पलीकडे बोटीवर चढलं की तिथला तिकीटवाला मला कळवतो आणि मी काकूला फोन करते. ते धक्क्यावर उतरेपर्यंत दोऱ्या भरलेल्या असतात. गिऱ्हाईक नाक धरून परत गेलं की मासळी पुन्हा पिंपात जाते, झाकण बसतं, अंगण घासलं जातं. बंगला अजून विकला गेलेला नाही. बाकी सगळे दिवस वारा स्वच्छ येतो.

परवा असंच एक जोडपं येऊन गेलं. काकू अंगण घासत होती तेव्हा बाबा कुंपणापाशी आले. म्हातारे दिसायला लागलेत.

"वहिनी," ते म्हणाले, "थोडी राहू द्यायची होतीत."

इतक्या वर्षांत काकू त्यांच्याशी पहिल्यांदाच बोलली. आवाजही चढवला नाही.

"ती पाहुण्यांसाठी होती, भाऊजी."

ऊन कललं होतं. बाबा कुंपणाची तार धरून काकूच्या रिकाम्या दोऱ्यांकडे बघत राहिले, आणि काकूने बादलीतलं उरलेलं पाणी अंगणात ओतून दिलं.

त्या संध्याकाळी आमच्याकडे नीट उलटलेली, खरपूस भाजलेली मासळी होती. बाबांच्या डब्यात मी भाजी भरली.