बादलीभर ओल

दुसरबीडच्या मैदानावर पिच शिंपणाऱ्या म्हाताऱ्या चाचांचं नाव मी कधी विचारलं नाही. त्या साली पावसाने पाठ फिरवली होती आणि रनांनीही. सलग पाच सामने मी शून्यावर बाद. चाचा टबात बसून आंघोळ करत आणि तेच पाणी बादलीने आणून पिचवर शिंपडत. ती ओली पट्टी उन्हात तळ्यासारखी चमकायची. मी तिच्याकडेच पाहत राहायचो, चेंडूकडे नाही.

सहाव्या सामन्यातही शून्यावरच त्रिफळा उडाला, तेव्हा मी खापर पिचवर फोडलं. "चाचा, आज पाणी कमी टाकलं काय?"

चाचा हसले. "आज आंघोळच नाही केली, बेटा. अख्खी बादली तुह्यासाठी आनली."

पुढच्या रविवारीही मी एकही रन काढला नाही. पण ओल वाळेपर्यंत आऊटही झालो नाही.