बाबांच्या होडीची चौकट

बोईसरच्या ऑफिसात दुपारी तीनला माणसं जागी असतात, पण तेवढंच. एसी घुमत असतो, आणि पडद्यावरच्या चौकटी बघता बघता मला त्या हलतायत असं वाटू लागतं, भरतीला खाडीत होड्या हलतात तशा.

चौकटी होड्यांच्याच होत्या. माझ्या गावी, मुरब्याला, आमच्या आळीत तीन होड्या. होडी खाडीत शिरली की खलाशी फोनवरून कळवायचा आणि वेबपानावर तिची चौकट उगवायची. पुढे पलीकडच्या धक्क्यावर मासळी उतरवून माणसं घरी पोचेपर्यंत संध्याकाळ होते. पान मी बनवलेलं, आईसाठी. बाबा फोन घरीच ठेवून समुद्रावर जातात, आणि ते आल्याचं कळेपर्यंत तिच्या घशाखाली घास उतरत नाही.

चौकटीची रुंदी मी सर्व्हरवरच्या कोडमध्येच ठोकून दिली होती, एकशे ऐंशी पिक्सेल. तिन्ही एका ओळीत. सर्व्हर बिचारा सांगाल ते माप पाठवतो. वाचणाऱ्याच्या हातात केवढा फोन आहे ते त्याला कुठून कळणार? माझ्यासमोर हातभर रुंद मॉनिटर, त्यावर सगळं झकास. वर शहाणपणा असा की पान आडवं सरकणंही बंद केलं, नीटनेटकं दिसावं म्हणून.

पान सुरू केलं त्या पहिल्याच दुपारी तिन्ही चौकटी आल्या. मी निवांत झाले. तासाभराने सहज घरी फोन लावला.

"जेवलीस का गं?"

"कशी जेवू, बाय? दोघांच्या आल्या. तुझ्या बाबाची नाय आली."

"अगं, कधीच आलीय. मला दिसतेय."

"मला नाय दिसत."

मी मनातल्या मनात तिचा फोन मोजला. तिच्या फोनवर दोनच चौकटी मावत होत्या. तिसरी, बाबांची, पडद्याबाहेर. ती तिसरी ठेवलेलीही मीच. आमच्यात पंगतीला घरचा माणूस शेवटी बसतो. यादी करताना माझा हात आपसूक तसाच चालला.

पिक्सेल खोडून पडद्याच्या रुंदीचे टक्के टाकले, तेहतीस. एका ओळीचं काम. "आता बघ."

तिने पान पुन्हा उघडलं.

"हाय, बाबाची हाय," ती म्हणाली, आणि रडायला लागली.

मला स्वतःचा भयंकर राग आला, आणि तो मी तिच्यावरच काढला. "मग मला फोन का नाही केलास?"

"तू कामात असशील ना."