पाडलेल्या चाळीचे कंदील

दिवाळीच्या आठवडाभर आधी मी दरवर्षी आमच्या घाटकोपरच्या चाळीला कंदील लावते. चाळ पाडून सहा वर्षं झाली, नवी इमारत अजून निम्म्यावरच आहे, आणि आम्ही सगळे भाडेकरू कुर्ल्यापासून दहिसरपर्यंत विखुरलेलो आहोत. मी मुलुंडला. त्यामुळे कंदील लावायचे ते कॉम्प्युटरवर.

लग्नपत्रिका, बारशाच्या पत्रिका आणि पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे बॅनर हे माझं रोजचं काम. दिवसभर लोकांची गालफडं गोरी करायची आणि मागे उगवता सूर्य टाकायचा. हात त्यात बसलेला, म्हणून परक्या घरातली पहिली दिवाळी आली तेव्हा मला हे सुचलं. जागा खाली करण्याच्या गडबडीत मी समोरच्या इमारतीच्या गच्चीवरून चाळीचा एक फोटो काढून ठेवला होता. भर दुपारचा, रखरखीत. सॉफ्टवेअरमध्ये घालून मी त्या दुपारची रात्र केली, आकाश निळंकाळं केलं, गॅलऱ्या अंधारात बुडवल्या आणि प्रत्येक दारासमोर ज्याचा त्याचा कंदील काढून लावला. तो फोटो चाळीच्या ग्रुपवर टाकला तर दोन दिवस लोक नुसते रडक्या तोंडाच्या इमोजी पाठवत होते.

दुसऱ्या वर्षापासून मात्र रडणं संपलं आणि भांडणं सुरू झाली. आमच्या चाळीचा स्वभावच तसा. आमच्या झिरमिळ्या हिरव्या होत्या, तू गुलाबी का केल्यास? तळमजल्यावाल्यांचा कंदील आमच्यापेक्षा मोठा कसा? एकीने तर यंदा आम्ही नवीन घेतलाय म्हणून दुकानातल्या चिनी कंदिलाचा फोटो पाठवला, आणि तो माझ्या सगळ्या चित्रात वरातीच्या बँडवाल्यासारखा चमकायला लागला. मी वैतागून म्हटलं होतं की पुढच्या वर्षी ज्याने त्याने आपापला लावून घ्या. पण आश्विन लागला की पुन्हा फाइल उघडतेच. मला ते काम आवडतं. आणि एवढा एक आठवडा मला परत माझ्या गॅलरीत उभं राहता येतं.

दुसऱ्या मजल्यावर आमच्या भिंतीला भिंत लावून काकाकाकी राहायचे. दोघं मालवणकडची. काका गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर कुर्ल्याच्या एका वर्कशॉपात लागले. कंदील ते स्वतः बांधायचे, बांबूच्या कामट्या तासून, आणि बांधायचे तो एवढा अगडबंब की गॅलरीतून जाणाऱ्यायेणाऱ्याच्या टाळक्यात झिरमिळ्या यायच्या. लहान करा म्हणून सगळ्यांनी सांगून झालं होतं. काका म्हणायचे, तुम्ही वाकून जावा. मीही फोटोत त्यांचा कंदील तेवढाच मोठा काढला होता, त्यांच्या अर्ध्या दाराएवढा. त्यावर मात्र कधी कोणी तक्रार केली नाही.

यंदा श्रावणात काका गेले. दहिसरला, भाड्याच्या खोलीत. नव्या घराची वाट बघता बघता गेले असं सगळेच म्हणाले, आणि ते खरंच होतं. दर रविवारी ते लेकाला घेऊन घाटकोपरला जायचे आणि पत्र्याच्या कुंपणाबाहेर उभं राहून कितवा स्लॅब पडला ते मोजून यायचे.

दिवाळीच्या तोंडावर त्यांच्या मुलाचा मला मेसेज आला. आम्ही दोघं बरोबरीचे, एकाच शाळेतले. ‘आमचा कंदील ठेवू नको यंदा. सण नाही.’ सांगायची गरज नव्हती, मला कळत होतं. वर्ष सरेपर्यंत त्या घराला कंदील नाही, रांगोळी नाही, फराळ शेजारच्यांनी पोचवायचा. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक कंदील वेगळ्या थरावर असतो आणि थराच्या शेजारी एक छोटा डोळा असतो. डोळ्यावर क्लिक केलं की ती वस्तू पुसली जात नाही, फक्त दिसेनाशी होते. मी काकांच्या कंदिलाचा डोळा मिटला आणि कोणाचं काय चुकलंय ते सांगा म्हणून कच्चा फोटो ग्रुपवर टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकीचा फोन.

“गो, सगळ्यांच्या दारार कंदील आसत. आमच्याच दारार काळोख कित्याक?”

मी म्हटलं, “काकी, यंदा सण नाही ना आपला.”

“ता माका ठाऊक हा. हयच्या दाराक मी काय लावूक नाय. पण जा दार रवलाच नाय, तेका कसलो दुखवटो?” मग म्हणाली, “ते परक्याच्या घरात गेले गो. फोटोत तरी तेंचा दार उजळ दिसांदे. माका दुसरा काय नको.”

मागून मुलाचा आवाज आला आणि त्याने फोनच काढून घेतला. “ऐकू नको तू तिचं. सगळा ग्रुप बघतो यार. बाप जाऊन तीन महिने नाही झाले आणि ह्यांचा कंदील बघा, असं बोलतील. कोणाकोणाला सांगत बसू मी, की आईने लावायला सांगितला?”

“मग मी काय करू?”

“काय नको करू. आहे तसं राहू दे.”

फोन ठेवला आणि मला दोघांचाही राग आला. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे मी माउस धरून. लावला तर त्याला लोकांसमोर मान खाली घालावी लागणार, नाही लावला तर म्हातारीची एकच मागणी, तीही मी मोडणार. काकीने आयुष्यात माझ्याकडे काही मागितलेलं मला आठवत नाही. मी कामावर असताना माझ्या आजारी आईला दोन महिने पेज भरवणारी बाई ती.

आईच्या आठवणीनेच मला वाट सापडली. चाळीत एखाद्या घरी सण नसला की शेजारचं घर आपला कंदील त्या बाजूच्या खांबाला टांगायचं. त्या घराने कंदील लावला असं व्हायचं नाही, आणि दार काळोखातही राहायचं नाही. कोणी बोलून दाखवायचं नाही. आईने हे दोनदा तरी केलेलं मी पाहिलंय, आणि दोन्ही वेळा आमच्या स्वतःच्या दारात अंधार झाला म्हणून मी कुरकुरले होते.

दुपारी जेवण उरकून मी फाइल उघडली. आमचा कंदील उचलून काकांच्या बाजूच्या खांबाला लावला. नुसता सरकवून भागत नाही, उजेडही पडायला हवा. तो हाताने रंगवावा लागतो. मऊ ब्रश घ्यायचा, नारिंगी रंग अगदी पातळ करायचा आणि जिथे उजेड पोचेल तिथे हलके हलके फिरवायचा. पण वरून नुसता रंग दिला तर दाराला शेंदूर फासल्यासारखं दिसतं. म्हणून मी आधी तेवढ्या भागावरची माझीच काळी रात्र थोडी पुसायला घेतली.

पुसता पुसता दारात काहीतरी पांढरं दिसायला लागलं. मला वाटलं ब्रशचा डाग पडलाय. मागे जाऊन पुन्हा पुसलं, पुन्हा तेच. मग मी ते सगळं बाजूला ठेवून मूळ दुपारचा फोटो उघडला आणि मोठा केला.

दारात काका उभे होते.

बनियनमध्ये, बहुतेक स्टुलावर. कठड्याच्या फळ्यांनी कमरेपासून खालचे झाकलेले, एक हात वर चौकटीला लावलेला, मान वर केलेली. तो कोपरा सावलीत होता, फोटो लांबून काढलेला, आणि पहिल्या वर्षी तर मला एवढी दारं एका बैठकीत उरकायची होती. मी आधी त्यांच्यावर रात्र ओढली होती आणि मग नेमका त्यांच्यावर तो अगडबंब कंदील ठेवला होता. प्रत्येक दिवाळीला मी तो थोडा अजून चमकवायचे, आणि लोक म्हणायचे, काकांचा कंदील झकास आलाय.

मला रडू आलं. काका गेल्याचं कळलं तेव्हाही एवढं आलं नव्हतं.

ग्रुपवर काहीच टाकलं नाही. उजेडाचं काम पुरं केलं आणि तेवढाच दुसरा मजला कापून मुलाच्या फोनवर पाठवला. खाली लिहिलं, काकीला दाखव, दारात बघ म्हणावं.

मग काकीचा फोन आला. आवाज साधाच होता.

“हूक काढी होते गो,” ती म्हणाली. “कंदिलाचो. मी बोंबललंय पण, टेम्पो खाली उभो हा नि तुमचा ह्या काय चल्ला? दुकानात व्हये तितके हूक मिळतत. तर म्हणतत कसे, नव्या घराक ह्योच लावतलंय.”

मग ती हसली, आणि हसताना मधेच थांबली.

“काकी, काकांचा कंदील लावू का? तू म्हणशील तसं करते.”

“नको, नको. कंदील लायलंस तर ते झाकून जातले. ह्या असाच रवांदे.”

मी बरं म्हटलं. फोन ठेवणार तेवढ्यात पलीकडे मुलाचा आवाज आला. फोन त्याने घेतला होता. म्हणाला, “ऐक ना. उजेड जरा वाढवता येईल का तिथे? तोंड नीट दिसत नाहीये.”

“वाढवून बघितला रे मी. लांबून काढलाय ना फोटो. अजून वाढवला की नुसते ठिपके येतात. तोंड नाही येणार.”

“असू दे,” तो म्हणाला. “हात दिसतोय.”