सांडव्याखालचा फेस

तलावावर फेस आला, मासे उलटे होऊन वर आले आणि दुपारपर्यंत गावाने राखणदाराला पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, उठायला सांगितले. ठाण्याच्या डायरीत त्या दिवसाची नोंद दोन ओळींची आहे. मला तो दिवस पूर्ण आठवतो. ज्यांच्यासोबत बसून तो आठवायचा, त्यांतले आता कोणी राहिले नाही.

नव्वदच्या दशकाचा शेवट होता. चंद्रपूर जिल्ह्यात, गडचिरोलीच्या हद्दीला लागून असलेल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. हद्दीतल्या त्या गावाला मालगुजारीच्या काळातला मोठा तलाव आहे. उन्हाळ्यात पाणी उतरले की गाव बसून एक दिवस ठरवते आणि त्या दिवशी घरटी एक माणूस जाळे घेऊन उतरतो. त्याआधी कोणी एक मासाही काढायचा नाही, ही रीत. रीत मोडणारे रानातले गेळफळ ठेचून पाण्यात टाकतात. पाण्याला फेस येतो, मासे भोवंडतात आणि हाताने वेचता येतात. त्यामुळे तलावावर फेस दिसला की कोणीतरी चोरून गेळ टाकले, असेच गाव समजते.

पोलीस पाटील सायकलवर खबर घेऊन आला. "बुढ्यानंच टाकलं साहेब. रातभर तलावावर दुसरं हायेच कोन?"

मी पंचनाम्याला गेलो. गुडघाभर पाण्यात उतरून नमुना घेतला. राखणदार पाळीवरच्या झोपडीत एकटा राहत असे. झडतीत गेळफळांची एक पिशवी निघाली.

"बाबा, हे कशाला ठेवलंत?"

"बैलाच्या जखमेले लावतो साहेब. डोकं धुतो."

"तुह्या डोक्यावर केस कुठी हायेत बे धुवाले?" पाटील म्हणाला. जमलेले लोक हसले. म्हाताऱ्याने टक्कल चाचपून पाहिले, जणू त्यालाही शंका आली.

"मासोयाचं बी मीच सोडलं," तो म्हणाला. "मी कायले मारू?"

"मंग फेस काय आभायातून पडला?" पाटील म्हणाला.

गावच्या पंचांनी तिथेच सांगितले की पावसाळ्याच्या आत झोपडी उचलायची. मी त्याला बाजूला घेतले. वकील, जामीन यांतले काही त्याने विचारले नाही.

"जेलात टाका साहेब, पर पाळीवरून उठवू नका."

"का?"

त्याने झोपडीमागच्या मोहाच्या झाडाकडे हात केला. "बायको इथी हाय."

त्यांच्यात पुरायची रीत होती. झाडाखाली एक दगड उभा होता. मी टिपणात लिहिले: आरोपी पळून जाण्याची शक्यता नाही. तेव्हा त्याच्या बोलण्याचा मला एवढाच उपयोग दिसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्वार्टरच्या मागच्या नळावर माझी पत्नी कपडे धूत होती. तिने मला हाक मारली.

"अहो, या पँटला काय लागलंय?"

"तलावाचं पाणी. का?"

"साबण लावलाच नाही मी अजून. बादल्यांवर बादल्या ओतते आहे, फेस थांबत नाही."

मी शिपायाला रानातून गेळफळे आणायला लावली. ती ठेचून एका बादलीत टाकली. दुसऱ्या बादलीत पँट बुडवली. दुपारपर्यंत गेळाचा फेस बसला आणि पाणी हिरवट झाले. पँटच्या बादलीत नुसता हात फिरवला तरी पांढरा फेस पुन्हा वर येई. पत्नी दारात उभी राहून पाहत होती. म्हणाली, "एवढा फेस गेळानं येत असता तर तुमच्या म्हाताऱ्यानं साबणाचा कारखाना काढला असता."

मी पुन्हा तलावावर गेलो आणि या वेळी पलीकडच्या, सडकेच्या काठाने फिरलो. तिथे बेशरमाची झाडे चाकाखाली मोडली होती आणि चाकोरी पाण्यापर्यंत गेली होती. आदल्या दिवशी ही बाजू कोणी पाहिली नव्हती. आरोपी जिथे राहतो तिथेच लोक पुरावा शोधतात, आणि पोलीसही बऱ्याचदा लोकांच्या मागेच चालतो.

आठवडी बाजारातला एक चहावाला मला अधूनमधून खबर देत असे. त्याने कप विसळता विसळता सांगितले, "निळे डरम आले साहेब. लय स्वस्त. मोहाचा सीझन हाय ना, बायका तुटून पडून राह्यल्या." वाळवलेली मोहफुले साठवायला झाकणाचा ड्रम म्हणजे त्या भागात मोठी वस्तू. मी हातपंपाकडे गेलो. दोन बायका नवा घेतलेला ड्रम धूत होत्या. पंपाभोवती घोट्यापर्यंत फेस साचला होता.

ड्रम जप्त केले. विकणाऱ्याकडून माग काढत बल्लारपूरच्या एका भंगारवाल्या कबाड्यापर्यंत पोहोचलो आणि त्याला ठाण्यात आणले. मी आरोपीला मारत नसे. समोर बसवून चहा द्यायचा आणि आपण गप्प राहायचे, एवढीच माझी पद्धत. बहुतेक माणसांना शांतता सोसत नाही.

"चाय पिलवून पिलवून मारून राह्यले का साहेब?" तो म्हणाला. "साबनाचंच पानी होतं. विष थोडी हाय?"

मी एका ड्रमच्या तळाशी उरलेला पिवळसर द्रव एका पसरट तसराळ्यात ओतायला लावला आणि त्याच्यापुढे ठेवला. "साबणच ना? प्रवासातून आलात. हात धुऊन घ्या, मग बोलू."

दोन्ही हात त्याने हळूच मांडीखाली घेतले.

"मले हातमोजे घालाले सांगतलं होतं," तो शेवटी म्हणाला.

मग सगळे निघाले. एका कारखान्यातला आग विझवण्याच्या फेसाचा अर्क मुदत संपली म्हणून बाहेर काढला होता. एका ठेकेदाराने तो उचलला आणि याला विकला.

"मले डरम पाहिजे होते, आतलं नाई. भरला डरम कोन घेते?"

"मग तलावातच का ओतलंत?"

"रस्त्यावर ओतला तर गाड्या घसरतात साहेब. पान्यात पानी टाकलं. चार रोजात वाहून जाईन वाटलं."

आम्ही दोषारोपपत्र दाखल केले. सार्वजनिक पाणी दूषित करण्याच्या कलमाला शिक्षा फार तर तीन महिन्यांची. कारखान्याने सगळे ठेकेदाराकडे सोपवल्याचा कागद दाखवला आणि साखळी तिथे थांबली.

म्हातारा सुटला, हे मी स्वतः गावात जाऊन चावडीवर सांगितले. पाटलाने खाली पाहत चपला पायात सरकवल्या. मग म्हणाला, "मंग बस बाप्पा आपल्या पाळीवर." त्या वर्षी मासे धरले नाहीत. पुढच्या वर्षी धरले तेव्हा पहिला वाटा गावाने त्याच्या झोपडीवर पोहोचवला. चूक झाल्याचे कबूल करायची ती त्यांची पद्धत होती. म्हाताऱ्याने तो रांधून खाल्ला. ही बातमी कळली तेव्हा मला फार समाधान वाटले होते.

काही वर्षांनी माझी बदली चंद्रपूरला झाली. तिथल्या वाचनालयात रसायनशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांशी ओळख झाली. मी त्यांना ही केस सांगितली. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या फेसात फ्लोरीनयुक्त रसायन असते, ते म्हणाले. कार्बन आणि फ्लोरीन एकमेकांना असे धरतात की ऊन, पाणी, मातीतले जिवाणू, कोणीही त्यांना सोडवू शकत नाही. उकळूनही जात नाही. ते चिखलात बसते, माशांत जाते, मासे खाणाऱ्याच्या रक्तात जाऊन राहते.

"किती दिवस?" मी विचारले.

"रक्तात काही वर्षं. चिखलात किती, ते मला सांगता येणार नाही. आपल्यानंतरही असेल."

पुढच्या रविवारी मी पत्नीला घेऊन त्या गावी गेलो. सरपंचाला भेटलो. वरच्या अंगाला एक हातपंप खणून द्यायचे त्याने कबूल केले, आणि पुढे खणूनही दिला. माशांचे मात्र त्याला पटले नाही. "मासोया चांगल्या मोठ्या होऊन राह्यल्या साहेब," तो म्हणाला.

म्हातारा वाकला होता. पाळीच्या पायथ्याला, तलाव झिरपतो तिथे त्याने एक झिरा खणला होता आणि तेच पाणी तो पीत होता. मी त्याला सगळे समजावून सांगितले आणि गावात राहायला जा म्हटले. त्याने ऐकून घेतले.

"मंग मी कुठी जाऊ?" त्याची नजर मोहाकडे गेली. "तुमीच तर मले इथी बसवलं साहेब."

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. उपकार आठवावा तसा तो बोलला. मग आत गेला आणि पाहुण्यांसाठी लोटाभर पाणी घेऊन आला. मी काही बोलायच्या आत माझ्या पत्नीने लोटा घेतला आणि ती दोन घोट प्यायली. परतताना मी तिला विचारले तेव्हा ती म्हणाली, "त्यांच्या घरचं पाणी होतं."

ती गेल्याला आता दोन वर्षे होतील. हृदयविकार होता. त्या पाण्याशी त्याचा काही संबंध नव्हता. दोन घोटांनी असे होत नाही. तरी घरात एकटा असलो की त्या लोट्याचा विचार येतो. तो माणूस पाळ का सोडत नव्हता, हे मला समजावून सांगायला आता कोणी लागत नाही.

गुन्हा उघडकीस आला की आम्ही तो निकाली निघाला असे लिहितो. ही केस निकाली काढली म्हणून एक निरपराध माणूस आपल्या घरी राहिला, आणि घरी राहिला म्हणून ते पाणी पीत राहिला. या दोन गोष्टी मला वेगळ्या करता आलेल्या नाहीत. सुटका झाली म्हणजे माणूस सुटला असे समजू नये, इतकेच मी त्यातून शिकलो.

म्हातारा पुढे वारला. गावाने त्याला मोहाखालीच पुरले. मागच्या पोळ्यानंतर मी एकटाच तिथे जाऊन आलो. झोपडी नाही. मोहाखाली दोन दगड आहेत. तलाव भरला होता, सांडव्यावरून पाणी पडत होते आणि खाली फेस धरला होता. तो साधा की तोच, हे नुसते पाहून सांगता येत नाही. गाव अजून त्याच तलावातले मासे खाते.