रिकाम्या मशीनची आवणी

आमच्या घरात वाकायचं काम बायकांचं आणि हँडल धरायचं काम पुरुषांचं. हा नियम कुणी केला माहीत नाही, पण मी तो मनापासून पाळत आलोय.

त्यामुळे गेल्या वर्षी बायकोच्या बचत गटाने भात लावायचं मशीन आणलं, तेव्हा ते चालवायला मीच पुढे झालो. सुमनने, म्हणजे बायकोने, त्याचं रीतसर प्रशिक्षण घेतलं होतं. (मीही मोबाईलवर फोटो बघितला होता!) मशीन आमच्याकडे दुपारपर्यंतच, मग पुढच्या वाडीला. त्याच्या भरवशावर मी पडकईच्या बायकांना, म्हणजे आळीपाळीने एकमेकींच्या शेतात भाताच्या रोपांची आवणी करणाऱ्यांना, 'येऊ नका' असंही कळवून टाकलं होतं. दुपारच्या आत लागलं तर लागलं, नाहीतर भाताचं खाचर रिकामं!

"मी चालवते, तुमी निस्तं बगा," सुमन म्हणाली.

"इंजिन हाय ते! बायकांनी हात लावायचा न्हाई."

"अजिबात न्हाई?"

"अजिबात न्हाई!"

सुमन आणि आई गुपचूप बांधावर जाऊन बसल्या. कळंबहून आलेला मेहुणा शूटिंगला उभा राहिला. मी दोरी ओढली, आणि मशीन चिखलात खटाखट बोटं खुपसत निघालं. थोड्या वेळाने ते पीं-पीं करायला लागलं. मला वाटलं, हॉर्न असेल. सुमन हातवारे करून ओरडत होती. मीही ऐटीत हात हलवला.

"दाजी, लई भारी! एकदा हिकडं बगून हसा!" मेहुणा ओरडला. मी हसलो.

अख्खं खाचर उरकून मी मागे वळलो. नुसता चिखल. एक रोप नाही!

"रोपं कुठं गेली?"

"ही काय, बांधावर," आई म्हणाली. "तू मशिनीत भरलीच न्हाईस."

"मग तुमी भरायची ना! रोपाचं काम बायकांचं!"

"हात लावू नका म्हणालात," सुमन म्हणाली. "रोपं न्हाईत म्हणून मशीन पीं-पीं करत हुतं. मी वरडले, तर टाटा केलात."

ऊन डोक्यावर येत चाललं होतं. सुमनने पदर खोचला, रोपं भरली आणि हँडल घेतलं. मशीन न्यायला माणसं आली तेव्हा एक कोपराच उरला होता. तो मी आणि मेहुण्याने हाताने लावायला घेतला. बराच लावला, पण संपेना.

"अरं, मागं सरत लावायचं आसतं!" आई कपाळावर हात मारून म्हणाली. "लावलेलं तुडवत कुटं निघालास?"

मला खरोखर लाज वाटली. पाठ तर एवढी धरली होती की मान खाली घालायला वेगळे कष्ट पडले नाहीत.

यंदा कामं सुमनने वाटली. हँडल तिच्याकडे, रोपं भरणं मेहुण्याकडे. मला एकच जबाबदारी: मशीन निघायच्या आधी "रोपं भरली का?" असं ओरडायचं.

परवा ते मी ओरडलो, तेव्हा अर्धं खाचर लावून झालं होतं!