साहेबांसमोर दुधात पाणी

कळप निघून गेला तरी बाभळीच्या काट्यांना लोकर अडकून राहते. माझा थोरला भाऊ मागच्या महिन्यात तापानं गेला आणि त्याचे किस्से असेच जागोजागी अडकलेत. नांदूरघाटला मेंढीच्या दुधात लोणी किती, हे मोजायची सरकारी खोली आहे. दादा दूध तपासायचा, मी मशीन फिरवायचो. आता जो भेटतो तो म्हणतो, "दादाचं ते सांग बे!" रडू यायच्या आत मी सांगून टाकतो.

*

पहिल्या दिवशी दूध मागायला धनगरवाड्यावर गेलो. सखूआजीनं लोटा मागं ओढला.

"कावून पायजे?"

"लोणी किती हाय ते बघायचंय, आजी."

"मंग घुसळा की! माझी सून रोज बघती."

दादा म्हणाला, "तुमच्या सुनंला डेराभर दूध लागतं. आमाला घोटभरात कळतं."

आजीनं घोटभरच दिलं. एक थेंब जास्त नाही!

*

नळीत दूध घ्यायचं, तेजाब ओतायचं. तेजाबानं बाकी सगळं जळतं, लोणी तेवढं राहतं. मग मशीनमध्ये घालून गरगरा फिरवायचं. लोणी नळीच्या गळ्यात येतं, तिथल्या रेघा मोजायच्या. झालं!

मी पहिल्यापासून तापट. एकदा असं फिरवलं की बूच उडालं आणि माझ्या नव्या धोतराची चाळण झाली. दादा नळीकडंच बघत राहिला.

"दादा, मी जळालो असतो की!"

"धोतर दुसरं मिळंल. ते दूध कुठून आणू?"

*

मेंढीच्या दुधात लोणी जास्त असायला हवं, पण दोन महिने आकडा गाईएवढाच येत होता. हैदराबादच्या बड्या साहेबांचं पत्र आलं, 'असंच असेल तर खोली बंद करा.' दादा उठला आणि धारा काढताना आजीशेजारी जाऊन बसला.

आजीनं पहिली धार जमिनीवर सोडली. "ही गेलेल्या मान्सांची." शेवटचं दूध कासेतच ठेवलं. "हे कोकराचं."

"म्हंजी मधलं सरकारचं!" दादा म्हणाला. मग एकदम ताडकन उठला. "अरे, लोणी शेवटच्या धारंत असतंय! आपण मोजतोय पाणचट, लोणी कोकराच्या पोटात!"

आजी सहज ऐकणारी नव्हती. शेवटी तिनं एका वेळेपुरतं कोकरू शेळीला लावलं आणि मेंढी पार निपटून पिळली. त्या दिवशी लोणी नळीच्या सगळ्या रेघा ओलांडून गेलं! नळी गाईच्या दुधाची, तिला रेघा सहाच. दादानं दुधात तेवढंच पाणी घातलं, परत मोजलं आणि आलेला आकडा दुप्पट केला. नऊ!

*

रिपोर्ट परत आला, त्यावर लाल शाईनं एकच शब्द. कागदावरची अक्षरं मला नीट लागत नाहीत, पण तो शब्द लागला. 'खोटं.' सहा रेघांच्या नळीत नऊ कशा, हे बघायला साहेब स्वतः येणार होते.

दादा म्हणाला, "येऊ दे!" आठ दिवसांनी तो गेला.

*

साहेब आले त्या दिवशी सखूआजी न बोलावता मेंढी घेऊन हजर. कोकरू शेळीकडं ठेवूनच आली होती. साहेबांच्या डोळ्यांसमोर मी शेवटच्या थेंबापर्यंत पिळलं, नळी फिरवली. लोणी रेघांच्या वर!

"मशीन खराब है," साहेब म्हणाले.

माझं डोकं सणकलं. मी पाण्याचा तांब्या उचलला आणि राहिलेल्या दुधातून अर्धा लोटा घेऊन त्यात अर्धा लोटा पाणी ओतलं.

"अरे! हमारे सामने दूध में पानी?"

मी ऐकलंच नाही. तेजाब, बूच, मशीन. जीव तोडून फिरवलं. नळी साहेबांच्या हातात दिली. त्यांनी उजेडात धरली, रेघा मोजल्या, परत मोजल्या. साडेचार.

आजी म्हणाली, "काय साहेब, तुमच्या गाईच्या दुधात अर्धं पाणी घातल्यावर एवढं निघतं का?"

साहेबांनी खिशातून पेन काढलं, तो लाल शब्द खोडला आणि खाली सही केली. मग हसून इकडंतिकडं बघत म्हणाले, "ये रिपोर्टवाला किधर है? बुलाओ उसको. शाबासकी देनी है."

मी दुसरी नळी धुवायला घेतली.

आजी मेंढीपाशी वाकली. कासेत कुठं उरलंसुरलं होतं ते शोधून तिनं एक धार उंबऱ्याजवळच्या मातीत सोडली, माती ओली झालेली बघितली आणि कंबर धरून उभी राहिली.

"आलाय," ती म्हणाली. "द्या शाबासकी."