देवीला बोललेला कोंबडा

मुक्या प्राण्यांवर दया करावी असं शाळेत शिकवलं होतं, आणि मी ती, एक कोंबडा सोडून, सगळ्यांवर केली. मुरार छावणीतल्या आमच्या घरामागच्या अंगणात तो होता तोवर मी हातात सूप घेतल्याशिवाय मागच्या दारातून पाऊल टाकत नसे. सूप मारायला नव्हतं, अडवायला होतं. मारायची सोयच नव्हती, कारण तो देवीचा होता.

तो देवीचा कसा झाला ते आधी सांगते. माझे वडील संस्थानच्या रिसाल्यात होते. कोरे, पाठीवर बसू न देणारे घोडे तयार करणं हे त्यांचं काम. आमचे पूर्वज दख्खनेतून घोड्यावर बसून इकडे आले, आणि त्यानंतर घरातला प्रत्येक पुरुष थेट पेन्शनीलाच घोड्यावरून उतरला, असं आई म्हणायची. पण संस्थान विलीन झालं, मध्य भारत हे नवं राज्य झालं, आणि संस्थानी फौज मोठ्या फौजेत मिसळायची ठरली. सगळ्यांना घेणार नव्हते. कोणाला ठेवायचं आणि कोणाला घरी बसवायचं ते वर कुठंतरी ठरत होतं. घोडे तर आधीच गेले होते. बाबांना दुसरं कुठलंही काम येत नव्हतं, आणि येत नाही हे त्यांना चांगलं माहीत होतं.

तेव्हा आईनं आमच्या कोंबड्यांतला सगळ्यात देखणा, तांबडा, हिरव्या शेपटीचा तरणा कोंबडा धरला, त्याच्या पायात लाल दोरा बांधला आणि देवीला बोलली, “ह्यांना फौजेत राहू दे, हा तुझा.” आमच्याकडे रीत अशी, की बोललेल्या कोंबड्याला मारायचं नाही, विकायचं नाही, दुसऱ्या कशासाठी कापायचं तर नाहीच. आईनं रीतीवर आणखी दोन बोटं चढवली. बाजरी आधी त्याला, मग कोंबड्यांना. तो वाटेत आला की आपण बाजूला व्हायचं. त्याच्यावर केरसुणी उगारली म्हणून धाकट्या बहिणीनं माझ्यासमोर मार खाल्ला होता.

कोंबड्याला रीत कळत नाही. त्याला एवढंच कळलं, की आपण पुढं गेलो की ही माणसं मागं सरतात. दोन आठवड्यांत तो अंगणाचा मालक झाला. आधी एक पंख जमिनीला घासत तिरका तिरका नाचायचा, मग मानेची पिसं फुलवायचा, आणि पाठ फिरली रे फिरली की उडी मारून पोटरीत पायाचा काटा घुसवायचा. समोरून आला असता तर निदान शूर तरी म्हटलं असतं. दूधवाल्याचं धोतर त्यानं फाडलं, तेव्हा तो लांबूनच ओरडला, “बाई, जे मुर्गा है कि थानेदार?”

“देवीचा आहे, थोडा तेज राहणारच,” आई मला म्हणाली. आपला तो बाब्या.

बाबांचं ह्यातल्या कशाकडे लक्ष नव्हतं. बिगुलाच्या वेळेला ते अजून उठत, दाढी करत, बुटांना पॉलिश करत, आणि मग कुठं जायचं ते न सुचून ओसरीवर येरझाऱ्या घालत. रस्त्यावर सायकलची घंटी वाजली की फाटकापर्यंत जात. रिसाल्याच्या लाइनीत जाऊन रिकाम्या पागा बघून येत. जेवताना मध्येच उठत. उन्हाळ्याची गरम लू वाहायला लागली, सगळं मुरार दारं लावून पडलं, तरी ते आतल्या खोलीतून ओसरीवर आणि ओसरीवरून खोलीत. त्यांच्या त्या चालण्यानं मलाही बसवत नसे. घरात कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं आणि कोणी शांतही नव्हतं.

अशा एका सकाळी धाकटी अंगणात आंबा खात बसली होती. कोंबडा आंब्यावर आला. तिनं तो द्यायचा सोडून छातीशी धरला, आणि त्यानं तिच्या तोंडावर झेप घेतली. डोळ्याच्या खालीच जखम झाली. बोटभर वर असती तर डोळा गेला असता.

आईनं हळद दाबली, रक्त थांबलं, आणि मग आईच रडायला लागली. “कापावं तर देवीचा. न कापावं तर पोरगी आंधळी व्हायची. अहो, तुम्ही काही बोलत का नाही? आज ह्याला कापला आणि उद्या तुमची नोकरी गेली, तर जन्मभर मला वाटत राहील की माझ्यामुळंच गेली.”

बाबा येरझाऱ्या घालायचे थांबले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कोणीतरी त्यांना त्यांच्या कामातलं काही विचारलं होतं.

“कापायची जरूरत नाही,” ते म्हणाले. “बिघडवलाय तुम्ही त्याला. तुम्ही मागं सरता म्हणून तो पुढं येतो.”

दुसऱ्या दिवशी ते बूट घालून अंगणात उतरले. कोंबडा नाचत आला. बाबा मागं सरले नाहीत, अंगावर धावलेही नाहीत, लाथही उगारली नाही, नुसते उभे राहिले. त्यानं बुटावर दोन झेपा घेतल्या. तिसऱ्या झेपेला बाबांनी वाकून त्याला उचललं, पंख दाबून काखेत धरलं आणि फिरायला लागले. आधी तो तडफडला, बोंबलला. बाबा त्याच्या मानेवरून एक बोट खाली फिरवत घोड्यांशी बोलत तसं काहीतरी पुटपुटत राहिले. त्यानं मान खाली टाकली तेव्हाच त्याला जमिनीवर ठेवलं. मग बाजरी टाकली ती आधी कोंबड्यांना. देवीचा कोंबडा बाजूला उभा. आईनं तोंडावर पदर घेतला, पण अडवलं नाही.

रोज सकाळी, रोज संध्याकाळी हेच. बाबांच्या येरझाऱ्या आता अंगणात होत, आणि काखेत कोंबडा असेपर्यंत त्यांचं पाऊल कसं सावकाश पडे. काही दिवसांनी त्यांनी मला हाक मारली. “ये बेटा, तू धर. घाबरलीस तर त्याला आधी कळेल.” मी घाबरलेलीच होते, पण बाबांनी हाक मारली होती. तळहाताखाली त्याचं काळीज इतकं धडधडत होतं, की हाही भितो हे मला तेव्हा कळलं. तरी तो मला आवडला नाही. महिन्याभरात तो बाबांना बघून स्वतःहून पायाशी येऊन उभा राहू लागला, मान खाली घालून, उचला म्हणून. दूधवाला दारापर्यंत येऊ लागला. मी सूप परत स्वयंपाकघरात ठेवलं.

मग एक दिवस बाबांना फौजेतून बोलावणं आलं. भर दुपारी ते परतले. बूट काढून नेहमीसारखे जोडीनं भिंतीशी ठेवले.

“काय झालं?” आईनं विचारलं.

“काही नाही. पाणी दे.”

“कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का? सांगा.”

बाबांनी सगळा तांब्या संपवला. “मोटरवाले पाहिजेत म्हणाले. घोडेवाले नकोत.”

आई उठली. मागच्या अंगणात गेली, कोंबड्याला धरलं आणि त्याच्या पायातला लाल दोरा विळीवर कापला. “तिनं आपलं काम केलं नाही, आपणही तिचं काही लागत नाही,” असं ठणकावून म्हणाली, आणि तो दोरा मुठीत धरून उंबऱ्यावर बसून राहिली. तिला देवीचा राग आला होता. मला सगळ्यांचाच आला होता.

संध्याकाळी बाबा अंगणात आले, अनवाणी. कोंबडा ठरल्यासारखा पायाशी आला. त्यांनी त्याला उचललं नाही. त्याच्याकडे बघत ते एक पाऊल मागं सरले. मग आणखी एक. मी दारात होते. आधी मला कळेना, मग कळलं. धाकटीला आणि मला जे कधीच करू नका म्हणून त्यांनी बजावलं होतं, तेच ते मुद्दाम करत होते. मागं सरत सरत त्यांची पाठ कुंपणाला उभ्या लावलेल्या दगडी फरशीला टेकली.

“ये,” ते म्हणाले. “ये की रे. मार झेप.”

बाबांना असं कोणाची विनवणी करताना मी कधी पाहिलं नव्हतं. मी मनातल्या मनात त्या कोंबड्याला म्हणत होते, मेल्या, एकदा तरी, आज तरी. त्यानं धाकटीचं तोंड फाडलं होतं तेव्हाही मला त्याचा इतका राग आला नव्हता.

त्यानं पिसं फुलवली नाहीत. तो हळूहळू चालत त्यांच्या अनवाणी पायांशी गेला आणि मान खाली घालून, उचलून घ्यायची वाट बघत उभा राहिला.